टँक आणि पायदळ: बरोबर नव्हे, आळीपाळीने

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातले सात मित्र रोज रात्री 'स्क्वॉड' हा ऑनलाइन युद्धाचा खेळ खेळतात. चौघं पायदळात, तिघं गाडीत. पायदळवाल्यांचं म्हणणं, हाक मारली की टँक कधीच जागेवर नसतो. टँकवाल्यांचं म्हणणं, यांच्या नादी लागून पुढे गेलं की पाच मिनिटांत जळतो. चूक कोणाची, आणि बरोबर राहून लढायचं कसं?

चूक असलीच तर त्या 'बरोबर' या शब्दाची आहे. टँक आणि पायदळ एकमेकांना चिकटून चालले की दोघांचंही वाटोळं होतं. टँकसाठी आलेल्या रॉकेटचा प्रसाद शेजारच्या पायदळाला मिळतो, आणि पायदळाच्या चालीने रांगणारा टँक म्हणजे समोरच्या हॅटवाल्याला (जड टँकविरोधी रॉकेट घेतलेल्या सैनिकाला) निवांत नेम धरायची सोय. हा खेळ २०१५ च्या डिसेंबरमध्ये अर्धाकच्चा विकायला आला, पूर्ण होऊन २०२० मध्ये. मी २०१६ पासून खेळतोय, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ड्रायव्हरच्या जागेवर. इतक्या गाड्या जाळल्यावर माझं एकच मत पक्कं झालंय: दोघांनी एका वेळी हलायचंच नाही. एक हलतो तेव्हा दुसरा थांबून बघतो. मग दुसरा हलतो, पहिला बघतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी टँक का जळतो ते समजून घ्या, कारण पायदळवाल्यांना ते खरोखर माहीत नसतं. त्यांना बाहेरून पोलादाचा डोंगर दिसतो. आत बसलेल्याला जग टपालपेटीच्या फटीएवढं दिसतं. गनरच्या दुर्बिणीत आठशे मीटरवरचा माणूस स्पष्ट दिसतो आणि वीस मीटरवर झुडपात बसलेला अजिबात दिसत नाही. ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसतो, डावी-उजवी बाजू जेमतेम, मागचं काहीच नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला गेलात तर तिथल्या एखाद्या टँकच्या पुढ्यात वाकून ड्रायव्हरच्या काचांकडे नीट बघा. सगळे तोफेशी फोटो काढतात, त्या काचांकडे कोणी बघत नाही. त्या बघितल्या की पायदळाने गाडीसाठी काय करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. गाडीला तुमचं संरक्षण नको असतं, तुमचे डोळे हवे असतात. (त्याच शहरात आर्मर्ड कोअरचं, म्हणजे टँक दलाचं, प्रशिक्षण केंद्र आहे आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं, म्हणजे चिलखती गाड्यांतल्या पायदळाचंही. मला त्याची नेहमी गंमत वाटते. आपल्याकडे हे दोघं डिस्कॉर्ड या बोलायच्या ॲपवर एकत्र असून भांडतात.)

खऱ्या युद्धात याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. १९९४ च्या ३१ डिसेंबरला रशियन फौज ग्रोझ्नी शहरात शिरली, तेव्हा चिलखती गाड्या रस्त्यांवरून थेट आत गेल्या आणि बरंचसं पायदळ गाड्यांतून उतरलंच नाही. चेचेन लढवय्ये तळघरांत आणि वरच्या मजल्यांवर बसले होते. टँकची तोफ तेवढी खाली वाकत नाही आणि तेवढी वरही जात नाही. आधी रांगेतली पहिली गाडी मारायची, मग शेवटची, मधल्या आपोआप अडकतात. रेल्वे स्टेशनपाशी पोचलेली मायकोप ब्रिगेड दोन-तीन दिवसांत जवळजवळ संपली. आता तुमचा नार्व्हाच्या शहरी नकाशावरचा कुठलाही सामना आठवा. तीच चूक आपण दर शनिवारी करतो, फक्त आपल्याला मेल्यावर पुन्हा स्पॉन होता येतं, म्हणजे परत खेळात उतरता येतं.

मग पुढे कोण? हे जमिनीवर ठरतं, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो, कारण त्यांना सगळीकडे चालणारा एकच नियम हवा असतो.

शहरात पायदळ पुढे, गाडी एक चौक मागे. गाडी चौकाच्या मधोमध उभी करायची नाही. कोपऱ्यावरच्या इमारतीआड अशी लावायची, की नुसती तोफ आणि कपाळ बाहेर येईल. पायदळ पुढचा चौक गाठतं, दोन्ही बाजूंचे तळमजले आणि जिने बघतं, आणि मगच गाडीला बोलावतं. गाडी आली की पायदळ पुन्हा पुढे सरकतं. दोघांमधलं अंतर पन्नास ते शंभर मीटर. त्याहून जवळ आलात तर गाडीवर उडालेलं रॉकेट तुमच्याही पदरात पडणार. त्याहून लांब राहिलात तर मधल्या गल्लीतून एकटा लॅटवाला (हलकं टँकविरोधी रॉकेट घेतलेला) सुखाने येणार.

उघड्या रानात, म्हणजे येहोरिव्हका किंवा तल्लीलसारख्या नकाशांवर, क्रम उलटा. गाडी आधी हलते, टेकाडाच्या पाठीला लागते, फक्त बुरूज वर काढते आणि पुढचं सगळं शेत नजरेखाली घेते. तिने 'बघतोय' म्हटलं की पायदळ झाडांच्या ओळीतून पुढे जातं. इथे तीनशे मीटर अंतर असलं तरी चालतं. गाडी लांब आहे म्हणून ओरडू नका. ती लांब आहे म्हणूनच जिवंत आहे, आणि जिवंत आहे म्हणूनच तुमच्या कामाची आहे.

गोरोदोकसारखी दाट झाडी असेल तर टँक नेऊच नका. एवढंच.

आता मूळ दुखणं, म्हणजे बोलणं. माझ्या अनुभवात दहापैकी आठ गाड्या नेमबाजीमुळे जात नाहीत, अर्धवट बोलण्यामुळे जातात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शेर्मन टँकच्या पाठीवर काही ठिकाणी चक्क दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत टेलिफोन बसवले होते. पायदळातला सैनिक मागे येऊन फोन उचलायचा आणि आतल्या माणसाला सांगायचा, त्या घराच्या डावीकडच्या कुंपणात मशिनगन आहे. ऐंशी वर्षं झाली, अडचण तीच आहे: बाहेरच्याला दिसतं पण मारता येत नाही, आतल्याला मारता येतं पण दिसत नाही.

आपल्या खेळातला फोन म्हणजे स्क्वॉड लीडरांमधला, म्हणजे तुकड्यांच्या म्होरक्यांमधला, थेट संवाद. सगळ्या लीडरांना ऐकू जाणाऱ्या कमांड चॅनलवर ओरडू नका, तिथे आधीच बाजार भरलेला असतो. नमपॅडवर गाडीच्या स्क्वॉडचा आकडा दाबून थेट बोलता येतं, ते वापरा. आणि पायदळाकडून गाडीशी बोलणारा माणूस एकच ठेवा. चौघं एकाच वेळी 'अरे इकडे, इकडे' करायला लागले की गनर तोफ फिरवतच राहतो.

काय बोलायचं ते आता जवळून दाखवतो, कारण इथे एक सापळा आहे आणि तो जुन्या खेळाडूंनाही कळत नाही. समजा तुम्ही भिंतीआड आहात. तुमच्या होकायंत्रावर २४० अंशांना, दीडशे मीटरवर एक घर आहे आणि त्याच्या खिडकीत मशिनगन. तुम्ही गाडीला सांगता, '२४० ला मशिनगन'. गाडी तुमच्या उजवीकडे शंभर मीटरवर उभी आहे. तिथून तेच घर २४० ला नाहीच, ते साधारण २०६ ला आहे. गनर प्रामाणिकपणे २४० कडे बघतो, त्याला रिकामं शेत दिसतं, तो म्हणतो 'काही नाही तिथे'. तुम्ही म्हणता 'आंधळा आहे का'. इथे भांडण सुरू होतं, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

म्हणून अंश सांगायचे ते फक्त गाडी तुमच्या अगदी मागे, तुमच्याच रेषेत असेल तेव्हा. नाहीतर नकाशावर खूण टाका. खूण टाकायला वेळ नसेल तर चौकोन सांगा. नकाशावरचा मोठा चौकोन तीनशे मीटरचा असतो, त्यातले नऊ कीपॅड शंभर-शंभर मीटरचे. 'एफ सात, कीपॅड तीन, पिवळं दुमजली घर, वरची डावी खिडकी.' बस. आधी जागा, मग वस्तू, मग वस्तूतला भाग. उलट्या क्रमाने सांगितलं तर ऐकणारा 'खिडकी' हा शब्द डोक्यात धरून बसतो आणि घर कुठलं हे त्याच्या कानावरून जातं. 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' हे शब्द घराला आणि झाडाला वापरा, स्वतःला कधीच नाही. तुमचं उजवं माझं उजवं नसतं.

आणि मराठीत खेळणाऱ्यांसाठी खास. आकडे सुटे सांगा. दोन-चार-शून्य. आपल्या भाषेत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे गोळीबाराच्या आवाजात एकसारखेच ऐकू येतात, आणि वर मेंदूला एक कमी करायचा हिशेब करावा लागतो. आमच्या गनरने एकदा 'एकशे एकोणसत्तर' ऐकून एकशे एकोणऐंशीकडे बंदूक फिरवली. दहा अंशांच्या चुकीत अख्खी बीएमपी (पायदळ वाहून नेणारी, तोफ असलेली चिलखती गाडी) गेली. तेव्हापासून आमच्याकडे 'एकोण' शब्दावर बंदी आहे.

डिस्कॉर्डबद्दल वाईट बातमी. तुम्ही सात मित्र आपसात डिस्कॉर्डवर बोलता, खेळातल्या माइकवर नाही. एका स्क्वॉडमध्ये नऊ जण मावतात, म्हणजे तुमच्या चौघांबरोबर पाच अनोळखी माणसं आहेत. टँक कुठून येतोय हे तुम्हाला कळतं, त्या पाच जणांना नाही. ते त्याच गल्लीत धूर टाकतात, त्याच खिडकीत घुसतात जिथे तुमचा गनर आता गोळ्या झाडणार आहे. रात्री सिंगापूरच्या किंवा आखाती सर्व्हरवर खेळताना हे माझ्याबरोबर इतक्यांदा झालंय, की आम्ही सामना सुरू झाला की डिस्कॉर्ड बंदच करतो. गप्पा लॉबीत मारा.

आता आळीपाळी प्रत्यक्षात कशी दिसते. परवाचा नार्व्हा. आमच्याकडे बीएमपी-२, मी ड्रायव्हर, गनर कोल्हापूरचा. पायदळाचा लीडर एका चौकात अडकलेला. समोर चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावरून मशिनगन. त्याने खूण टाकली आणि म्हणाला, 'खुणेवर, दुसरा मजला, बाल्कनीच्या शेजारची खिडकी. माझ्याकडे डावीकडून पळायला पाच माणसं आहेत. तुझा दाब हवा, वीस सेकंद.' हे ऐकताना माझं मन भरून आलं, असं बोलणारा लीडर लॉटरी लागल्यासारखा. मी विचारलं, 'चौकाच्या उजव्या गल्लीवर कोणाची नजर आहे?' म्हणाला, 'माझा लॅटवाला तिकडेच तोंड करून बसलाय.' तेव्हा मी गाडी कोपऱ्याबाहेर काढली. अर्धी. गनर म्हणाला, 'दादा, खिडकी दिसंना झाली.' आणखी दोन मीटर. 'आता दिसली.'

तीस मिलिमीटरची तोफ सलग चालवायची नाही. तीन-चार गोळे, श्वास, पुन्हा तीन-चार. मशिनगनवाला मेला की नाही हे आम्हाला आजही माहीत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खेळात पायदळाच्या लढाईचा मोठा बदल आला, तेव्हापासून जवळून गोळ्या गेल्या की माणसाला नेमच धरता येत नाही, पडदा धूसर होतो, बंदूक हलते. म्हणजे गाडीचं काम माणूस मारणं नाही, त्याला वीस सेकंद खाली मुंडी घालून बसवणं आहे. तेवढ्यात पाच जण रस्ता ओलांडून इमारतीत शिरले. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचा शब्द आला, तो पायदळाकडूनच यायला हवा: 'थांब.' इमारतीत आपली माणसं शिरली हे गनरला दिसत नाही. हा शब्द उशिरा आला तर तो स्वतःच्याच लोकांना जिन्यात चाळणी करतो. आम्ही थांबलो, मी लगेच गाडी कोपऱ्याआड मागे घेतली, आणि आम्ही जिथे उभे होतो तिथल्या फरसबंदीवर एक रॉकेट येऊन फुटलं. उजवीकडून नाही, लांब समोरच्या छतावरून. आणखी पाच सेकंद मारामारीच्या मजेत राहिलो असतो तर हे उत्तर दुसऱ्या सुरात लिहिलं असतं.

गोळीबार झाला की जागा सोडायची. पाच सेकंद, दहा सेकंद, मग हलायचं. आणि हलताना सांगायचं. टँकवाल्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा हाच, की ते न सांगता निघून जातात. ट्रॅक तुटला, दारूगोळा संपला, मागे शत्रूचा टँक दिसला, कारण काहीही असो, 'मी मागे जातोय, दोन मिनिटं नसेन' हे वाक्य तीन सेकंदांचं आहे. ते ऐकलं तर पायदळ भिंतीआड थांबतं. नाही ऐकलं तर ते गाडीच्या भरवशावर रस्त्यात उतरतं. तुमच्या मित्रांची 'टँक जागेवर नसतो' ही तक्रार मला बहुतेक इथलीच वाटते. तो जातो हे दुखत नाही, न सांगता जातो हे दुखतं.

मागे जाण्यावरून आठवलं. रशियन टँक टी-७२ चालवत असाल तर लक्षात ठेवा, की खऱ्या टी-७२ चा उलटा वेग ताशी चारेक किलोमीटर आहे. माणूस चालतो त्याहून जरा कमी. खेळातही तो मागे येताना कुंथतो. अमेरिकन अब्राम्स त्या मानाने झपाट्याने मागे पळतो. म्हणून टी-७२ अशा गल्लीत कधी घालू नका जिथून उलटंच यावं लागेल. आणि पायदळाने गाडीच्या बरोब्बर मागे उभं राहू नये. मी एकदा घाबरून रिव्हर्स टाकला आणि स्वतःच्या पायदळाच्या लीडरला भिंतीशी दाबून मारलं, त्याच क्षणी तो बिचारा मला 'मागे मी आहे' असंच सांगत होता. गाडीची बाजू धरा, नाहीतर पंधरा मीटर लांब थांबा. धुराचंही तसंच: गाडीने स्वतःला वाचवायला धूर उडवला की तिच्या पुढचं पायदळ आंधळं होतं, म्हणून उडवण्याआधी एक शब्द बोला.

बदल्यात पायदळाने काय द्यायचं? एक माणूस. नऊपैकी एक लॅटवाला, जो पुढे बघत नाही, गाडीची उघडी बाजू बघतो. कंटाळवाणं काम आहे, मारलेल्यांच्या आकड्यात काही दिसत नाही, म्हणून कोणी घेत नाही. तुम्ही चौघं आहात, आळीपाळीने घ्या. सामान्य माणूस मेला तर संघाचं एक तिकीट जातं (तिकिटं संपली की सामना हरलो), मोठा टँक गेला तर एकदम ढीगभर जातात आणि बराच वेळ दुसरा मिळत नाही. हिशेब सरळ आहे.

माणसं वाहून नेण्याबद्दल फार लिहीत नाही. बीएमपी किंवा तसल्याच अमेरिकन ब्रॅडलीत बसून थेट ध्येयापर्यंत जाऊ नका, एका क्षेपणास्त्रात गाडीबरोबर अख्खं स्क्वॉड जातं. दोन-तीनशे मीटर अलीकडे आडोशाला उतरा आणि चाला. मुख्य टँक तर टॅक्सीसाठी नाहीच, त्याचं पहिलं काम समोरचा टँक शोधणं. तुमचे तिघं जर टँक घेऊन पायदळाची खिडक्या फोडायची कामं करत असतील, तर त्यांनी टँकचा हट्ट सोडून बीएमपी घ्यावी. शहरात तीस मिलिमीटर जास्त उपयोगी पडते, आणि गेली तर कमी दुखते.

सराव करायचा तर चालू सामन्यात नको, जेन्सन्स रेंज या सरावाच्या नकाशावर या, शत्रू नसतो. एक जण घरांमध्ये उभा राहतो, तिघं गाडीत. बाहेरचा एक खिडकी निवडतो आणि फक्त बोलून गनरला तिथे आणतो, खूण न टाकता. घड्याळ लावा. आम्हाला पहिल्या दिवशी पाऊण मिनिट लागत होतं, आता सात-आठ सेकंद लागतात. मग जागा बदला. ड्रायव्हरला लॅट देऊन बाहेर काढा, आणि पायदळाच्या लीडरला ड्रायव्हरच्या जागेवर बसवून गल्लीतून रिव्हर्स घ्यायला लावा. कोणी मागे उभं नाही ना, तेवढं बघून.